डावीकडची रिकामी जागा

सॅन्टन तुस्कानो जगप्रसिद्ध झाला तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता आणि परसात केळीचा घड उतरवत होता. त्याची बायको बेटी फोन घेऊन धावत आली आणि तिनं तो त्याच्या कानाला लावला. पलीकडून मुंबईची एक बाई म्हणाली, तुमचे मयताचे फोटो आम्हाला आमच्या गॅलरीच्या भिंतीवर लावायचे आहेत. सॅन्टनला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. परक्याच्या मयताचा फोटो आपल्या भिंतीवर कोण लावेल? पण बाई खरी निघाली आणि भिंतही खरी निघाली. मग दिल्लीची भिंत झाली, पॅरिसची झाली, आणि शेवटी एक पुस्तक निघालं. ते इतकं जाड होतं की बेटी रविवारच्या मिस्साला नेसायची साडी घडी मोडू नये म्हणून त्याच्याखाली दाबून ठेवायची.

पापडीत आणि आसपासच्या ख्रिस्ती गावांत ही जुनी रीत. माती द्यायच्या आधी चर्चसमोर मयताची पेटी उघडी ठेवायची, घरच्यांनी भोवती उभं राहायचं आणि फोटो काढायचा. लग्नात फोटोग्राफर नाही मिळाला तर लोक चालवून घेत. मयताला मात्र तो हवाच. सॅन्टननं हे काम चाळीस वर्षं केलं. डोक्याशी कोण, पायाशी कोण, कुठल्या जावेला कुठल्या जावेशेजारी उभं करायचं नाही, हे त्याला फादरपेक्षा जास्त माहीत असे. त्या पाच मिनिटांत त्याचा शब्द शेवटचा. बांधावरून वर्षानुवर्षं भांडणारे भाऊ त्यानं 'सरका, अजून सरका' करत खांद्याला खांदा लावून उभे केले होते.

जगानं मात्र या सगळ्याकडे पाहिलंच नाही. जगाला दिसली ती डावीकडची रिकामी जागा. पुस्तकातल्या एकतीस फोटोंपैकी प्रत्येकात डाव्या बाजूला, पेटीच्या डोक्याशी, एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. बाकीची माणसं दाटीवाटीनं एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभी, आणि इथं कोणी नाही. मोठमोठ्या लोकांनी त्यावर मोठमोठे लेख लिहिले. कुणी म्हणालं, ही मृत्यूची जागा. कुणी म्हणालं, ही ईश्वराची. एका गोऱ्या गृहस्थानं तिला 'तुस्कानो स्पेस' असं नाव दिलं आणि ते नाव रूढच झालं.

आता खरं काय ते सांगायला हरकत नाही, कारण गावात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सत्तर-ऐंशीच्या सालांत पापडीतल्या घरोघरची मुलं कुवेत, बहरीन, मस्कत नाहीतर जहाजावर. इकडे बाप गेला की तार करायची, पण मुलगा येईपर्यंत मयत थोडंच थांबतं? म्हणून सॅन्टन त्याची जागा सोडून फोटो काढायचा. मुलगा नाताळला सुट्टीवर आला की त्याला पांढऱ्या चादरीपुढे उभा करून त्याचा वेगळा फोटो घ्यायचा, ब्लेडनं कापून त्या जागेत चिकटवायचा, कडांवरून ब्रश फिरवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. अशा शेकडो जागा त्यानं भरल्या. कुठे सांधा आहे ते सांगून दाखवा, अशी पैज लावावी इतक्या सफाईनं भरल्या. ते भरलेले फोटो लोकांच्या घरी गेले. ज्यांचं कोणी आलंच नाही, किंवा आलं तरी फोटोला उभं राहिलं नाही, त्यांच्या निगेटिव्ह कपाटात पडून राहिल्या, आणि नेमक्या त्याच मुंबईच्या बाईच्या हाती लागल्या. थोडक्यात, जग ज्याला सॅन्टनची कला म्हणत होतं ती सॅन्टनची राहून गेलेली कामं होती.

तो हे बोलला का नाही? बोलणार होता हो. पहिल्याच दिवशी ती बाई एका फोटोपुढे उभी राहून डोळे पुसायला लागली तेव्हा त्यानं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बेटी चहा घेऊन आली, चहाबरोबर नानकटाई आली, आणि वेळ निघून गेली. मग लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवला, आणि वर गेल्यावर त्याला तिथली हवा मानवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्यानं अकरा वर्षं काढली.

त्या जानेवारीत त्याच्यावर माहितीपट बनवायला ज्ञानदा आली. तिशीची, हुशार, बोलताना हातांनी हवेत चौकटी काढणारी मुलगी. तिनं सॅन्टनचं पुस्तक कॉलेजात असताना वाचलं होतं आणि तेव्हापासून हा पट तिच्या डोक्यात होता. तिच्याबरोबर कॅमेरा धरायला विरारचा विघ्नेश होता. सॅन्टननं पुन्हा एकदा डार्करूममध्ये काम करताना दिसावं म्हणून तिनं मुंबईहून ताजा कागद आणि केमिकलंसुद्धा आणली होती.

चौथ्या दिवशी ओट्यावर मुलाखत चालली होती.

"सर, ती रिक्त जागा," ज्ञानदा हळूच म्हणाली, "ती तुमच्याकडे कुठून येते?"

या प्रश्नासाठी सॅन्टनचं उत्तर ठरलेलं होतं. तो आधी समोरच्या ताडाकडे बघायचा. मनातल्या मनात अकरापर्यंत मोजायचा. मग म्हणायचा, "ती जागा माझी नाही. मी फक्त ती मोकळी ठेवतो."

हे अक्षरशः खरं होतं आणि त्याला स्वतःलाच त्याची गंमत वाटायची. आतल्या दाराशी मासे साफ करत बसलेल्या बेटीला मात्र हसू आवरेना.

"एक नंबर, सर," विघ्नेश म्हणाला. "फक्त परत एकदा घेऊ. मागून रिक्षा गेली. आणि आंटी हसल्या."

सॅन्टन पुन्हा ताडाकडे बघू लागला. सातपर्यंत मोजून झालं आणि फाटक वाजलं. मटिल्डा डाबरे आत येत होती. वय चौऱ्याऐंशी, उंची साडेचार फूट, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तिचा मुलगा नेल्सन. नेल्सन चौसष्टचा, टकला, पोट सुटलेला. पण आईनं मनगट असं धरलं होतं की जणू पहिलीच्या वर्गात बसवायला आणलाय. काठी बगलेत मारून तिनं पदराखालून एक खाकी पाकीट काढलं.

"सॅन्टन, आला बघ. आनला धरून. रविवारी परत कुवेतला चाललाय. घे, उभा कर त्याला."

पाकिटात काय आहे ते सॅन्टनला न उघडताच कळलं. एडवर्ड डाबरेच्या मयताचा फोटो, जानेवारी शहाऐंशी. त्या जाड पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होता तोच.

ज्ञानदानं तो काढून पाहिला आणि ती उठूनच उभी राहिली. "हा... हा तर! आजी, या फोटोतल्या तुम्ही?"

"मीच. आनि पेटीत माझा नवरा. आनि हा इथं," मटिल्डानं रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, "हा नेल्सन. म्हनजे यायचा होता. ती त्याची जागा हाय."

ज्ञानदानं सॅन्टनकडे पाहिलं. विघ्नेशनं कॅमेराही त्याच्याकडे वळवला. त्या क्षणी सॅन्टनच्या डोळ्यांपुढून दिल्ली गेली, पॅरिस गेलं, तो गोरा गृहस्थ गेला, आणि चाळीस वर्षं मयतांत घासल्यावर म्हातारपणी मिळालेला तो मान गेला. माणूस घाबरला की कुठल्या थराला जाईल याचा नेम नसतो.

"मटिल्डाबायचं वय झालंय," तो ज्ञानदाला शुद्ध मराठीत म्हणाला. "या वयात गोष्टी एकमेकींत मिसळतात. ती जागा कोणासाठीच नव्हती. ती कला आहे."

मटिल्डा त्याच्याकडे बघत राहिली. नेल्सननं मात्र सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि तेवढ्या गडबडीतही सॅन्टनच्या ते लक्षात आलं.

"माझं वय झालंय?" मटिल्डा म्हणाली. "त्या दिवशी माझा दीर तिथं उभा ऱ्हायला आला, तर तूच त्याला दंडाला धरून बाजूला केलास. म्हनालास, ही नेल्सनची जागा हाय, इथं कोन उभा ऱ्हायचा नाय. तेव्हा नेल्सन होता, आता कला झाली?"

तिनं फोटो ज्ञानदाच्या हातातून घेतला, पाकिटात घातला, पाकीट पदराखाली घातलं आणि नेल्सनचं मनगट धरून निघून गेली.

"बिचाऱ्या," ज्ञानदा म्हणाली.

"मॅडम, पण त्या कन्फ्यूज वाटत नव्हत्या," विघ्नेश म्हणाला.

दुपारी बेटीनं सगळ्यांना जेवायला बसवलं. बोंबलाचं कालवण, भात, तांदळाची भाकरी. ज्ञानदाला ताट, विघ्नेशला ताट, स्वतःला ताट. सॅन्टनच्या खुर्चीपुढे काहीच नाही.

"माझं ताट?" सॅन्टननं विचारलं.

"तिथं काय नाय," बेटी भात वाढत म्हणाली. "ती कला हाय."

विघ्नेशला ठसका लागला. सॅन्टननं स्वतः उठून ताट घेतलं, वाढून घेतलं. त्याला लाज वाटत होती, अगदी चारचौघांत धोतर सुटल्यासारखी. खोटं बोलल्याची लाज त्याला अकरा वर्षांत कधी वाटली नव्हती, कारण तो खोटं बोललाच नव्हता, गप्प बसला होता. आज तो बोलला होता, आणि तेही एका चौऱ्याऐंशीच्या बाईला वेडी ठरवून.

कालवण तसंच टाकून तो मटिल्डाच्या घरी गेला. नेल्सन आत घोरत होता. मटिल्डा खाटेवर बसून लसूण सोलत होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही, तेव्हा तो उभाच राहिला. समोरच्या भिंतीवर तिच्या सासऱ्यांच्या मयताचा फोटो होता, सासूच्या मयताचा होता, दोन्ही सॅन्टननंच काढलेले, दोन्हींत बहरीनचा दीर नंतर चिकटवलेला. त्यांच्याशेजारी एका खिळ्यावर कॅलेंडर लटकत होतं.

"एडवर्डचा फोटो लावला नायस?" त्यानं विचारलं.

"अर्धा फोटो भिंतीवर लावतात का कोन? खिळा तेव्हाच ठोकून घेतलाय. अडतीस कॅलेंडरं लावली त्याच्यावर." तिनं लसणीची पाकळी वाटीत टाकली. "बेटी सांगते, पॅरिसला लावलाय म्हनून. लावू देत. त्यांचा कोन लागतो एडवर्ड? त्यांना अर्धा चालतो. मला चालत नाय. मी मेले की पोरं आधी भिंती साफ करतील, तेव्हा तरी त्यांना पुरा फोटो गावू दे."

"उद्या चार वाजता त्याला घेऊन ये," सॅन्टन म्हणाला. "चर्चसमोर. मयत चारलाच होतं. ऊन तसंच पायजे."

"आनि कला?"

"चुकलो, मटिल्डाबाय."

"चुकलास नाय, लबाड बोललास," मटिल्डा म्हणाली आणि मग तिनं खाटेवर त्याच्यासाठी जागा केली.

ज्ञानदाला सांगणं याहून अवघड गेलं. संध्याकाळी ओट्यावर सॅन्टननं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं: तार, नाताळची सुट्टी, चादर, ब्लेड, नानकटाई. ती ऐकत राहिली. तिचे हात मांडीवर पडून होते, आता हवेत चौकटी काढत नव्हते. मग ती आत गेली, साडीवरचं पुस्तक उचलून घेऊन आली आणि एकेक पान उलटू लागली.

"हा?"

"हा पास्कूचा मुलगा. जहाजावर होता. नंतर त्यानं मस्कतलाच लग्न केलं, इकडे फिरकला नाही."

"हा?"

"ही मुलगी आहे. नर्स. तिला वर्षानं सुट्टी मिळायची, आणि ती आली त्या वर्षी माझा पाय मोडलेला होता. तिचं माझ्यामुळे राहिलं."

"आणि हा?" ज्ञानदा एका पानावर थांबली. या फोटोतली जागा बाकीच्यांच्या दुप्पट होती. हा तिचा लाडका फोटो. याच्यावर तिनं कॉलेजात चाळीस पानी प्रबंध लिहिला होता आणि या जागेला 'महाशून्य' म्हटलं होतं. "इथं दोघं येणार होते?"

सॅन्टननं कान खाजवला. "नाही, एकटाच. नायगावचा जावई. पण जाडा आहे."

ज्ञानदा हसेल असं त्याला वाटलं होतं, ती हसली नाही. तिनं पुस्तक मिटलं. "सर, मी माझी सहा वर्षं या पटात घातली. पटाचं नावच 'रिक्त' आहे. आता तुम्ही म्हणताय की त्यात काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं असं कुठे म्हणतोय?" सॅन्टन पहिल्यांदाच चिडला. "माणसं होती. मी एवढंच म्हणतोय."

ती पुस्तक घेऊन गाडीत जाऊन बसली. विघ्नेश तिच्या पाठोपाठ जाता जाता थांबला आणि म्हणाला, "सर, उद्या चारला ना? मी तीनलाच येतो. ती आली तर आली."

दुसऱ्या दिवशी ती आली. डोळे सुजलेले होते, पण आली, आणि कॅमेरा कुठे लावायचा यावरून विघ्नेशशी भांडलीही, तेव्हा सॅन्टनला जरा बरं वाटलं.

चर्चसमोर पायऱ्यांच्या खाली सॅन्टननं पांढरी चादर बांधली. पुढे एक बाक ठेवला, त्यावर दोन विटा, विटांवर फळी. पेटीची उंची बरोबर तेवढी होती, ती त्याच्या हाताला आठवत होती. नेल्सन काळा सूट घालून आला. सूट दहा वर्षांपूर्वीचा होता आणि बटण लागत नव्हतं.

"लागू नको देऊ," सॅन्टन म्हणाला. "पोट आत घेऊन उभा राहिलास तर रडल्यासारखा दिसशील. सरळ उभा राह्य."

"सॅन्टनअंकल, नायतर असं करा ना," नेल्सन घाम पुसत म्हणाला. "माझा तेव्हाचा फोटो हाय पासपोर्टचा. केस असलेला. तो चिकटवा. आयला काय कळनार?"

"मला सगळं कळतं," पायरीवर बसलेली मटिल्डा ओरडली. "तेव्हा आला नायस, मग तेव्हाचा कसा दिसशील? आज आलास, आजचा दिस."

सॅन्टननं जुना यशिका कॅमेरा पोटाशी धरला, वरून काचेत पाहिलं. ऊन उजवीकडून येत होतं, तसंच. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्याचा आवाज आपोआप बदलला, थोडा खाली उतरला.

"नेल्सन, इकडे नको बघू. खाली बघ. फळीकडे. बाप तिथं हाय."

नेल्सननं फळीकडे पाहिलं. इतका वेळ सूट ओढत, घाम पुसत, घड्याळ बघत चाललेला तो माणूस एकदम थांबला. त्याची मान खाली गेली आणि वर आली नाही. सॅन्टननं एकच फोटो काढला. दुसरा काढायचा त्याला धीर झाला नाही.

त्यापुढचं काम सॅन्टनचं एकट्याचं होतं, म्हणजे तो, ज्ञानदा, विघ्नेश आणि लाल दिव्याखाली तिघांना पुरणार नाही एवढी खोली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तो राबला. नेल्सन किती मोठा हवा ते ठरवायला त्यानं सहा कागद फुकट घालवले. आधी तो पेटीपेक्षा लांब झाला, मग मुलाएवढा लहान. मग बाहेर ओट्यावर येऊन त्यानं ब्लेडनं नेल्सनला कापला, कानाभोवती श्वास रोखून. कागदाच्या कडा मागून पॉलिशपेपरनं घासून घासून सिगारेटच्या कागदाएवढ्या पातळ केल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे, पण हात अजून तसाच चालत होता. ज्ञानदा पहिला तासभर त्याच्या चेहऱ्याचं शूटिंग करवत होती. मग तिनं विघ्नेशला खूण केली, आणि कॅमेरा हातांवर आला तो तिथंच राहिला.

"सर, हे तुम्ही एकाही मुलाखतीत दाखवलं नाहीत," ती म्हणाली.

"कोणी विचारलं नाही. सगळे जागेबद्दलच विचारायचे."

खळ लावून त्यानं नेल्सनला जागेवर बसवला, वरून स्वच्छ फडकं दाबलं, आणि फडकं उचलून चष्मा पुसून पाहिलं. आणि मग तो तसाच बघत राहिला, इतका वेळ की बेटी आतून विचारायला आली, काय झालं म्हणून.

या फोटोत तेरा माणसं होती. बारा जणं पेटीकडे नाहीतर कॅमेऱ्याकडे बघत होती. मटिल्डा बघत नव्हती. शेहेचाळीस वर्षांची, काळ्या साडीतली मटिल्डा डावीकडे बघत होती. इतकी वर्षं जगातले सगळे शहाणे रिकाम्या जागेकडे बघत राहिले, स्वतः सॅन्टनही तिथंच बघत आला. मटिल्डाकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आता तिच्या नजरेपुढे नेल्सन उभा होता, मान खाली घालून. आणि ती नजर दुःखाची नव्हती. सॅन्टननं भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. भुवया जवळ आलेल्या, ओठ आत दाबलेले. ती रागावलेली होती, उशिरा आलेल्या मुलाला दारातच धरणारी आई रागावते तशी.

"बेटी, इकडे ये," तो म्हणाला. "हिला बघ."

बेटीनं पाहिलं. "ही अजून अशीच बघते," ती म्हणाली. "परवाच तुझ्याकडं बघत होती."

शनिवारी दुपारी सगळे मटिल्डाकडे गेले. पुन्हा फोटो काढून, मोठा करून, सॅन्टननं तो लाकडी चौकटीत बसवला होता. नेल्सनची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. मटिल्डानं चौकट मांडीवर घेतली, चष्मा लावला, आणि आधी नवऱ्याकडे बघून घेतलं, मग मुलाकडे.

"म्हातारा दिसतोस," ती नेल्सनला म्हणाली. "बापाहून म्हातारा."

"माझ्याहून तूच लहान हायस त्याच्यात," नेल्सन म्हणाला, आणि मायलेकं दोघंही हसली. सॅन्टननं सुटकेचा श्वास टाकला. सांधा कुणाला दिसला नव्हता.

ज्ञानदा मात्र हसत नव्हती. ती मटिल्डाशेजारी खाटेवर बसली. "आजी, यात तुम्ही पेटीकडे बघत नाही आहात. तेव्हा तर इथं कोणीच नव्हतं. मग कुठे बघत होता?"

"चर्चच्या फाटकाकडं."

"कोणी येत होतं का?"

उत्तर नेल्सननं दिलं. तो दाराशी उभा होता, बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत, आणि तो हे बोलेल असं त्यालाही माहीत नसावं.

"आय, मला रजा मिळालेली. डॅडी आजारी म्हनून तार आली तेव्हाच मिळालेली. तिकीटपन होतं. मी विमानात बसलो नाय." तो पट्टा बोटाला गुंडाळत राहिला. "वाडीवरून डॅडीशी भांडून गेलेलो ना. म्हटलं, बोलावू दे त्यांनी. मला वाटलं, अजून बरेच दिवस हायत. मग दरवर्षी आलो तरी सॅन्टनअंकलपुढे उभा ऱ्हायचा धीर होईना. लाज वाटायची."

विघ्नेशनं कॅमेरा खाली घेतला; ज्ञानदानं त्याला घे म्हटलं नव्हतं, आणि पुन्हा वर कर असंही म्हटलं नाही.

"माहीत हाय," मटिल्डा म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"रजेचं. तुझ्या कंपनीतला डेरिक त्याच आठवड्यात सुट्टीवर आला. मातीला पन होता. त्यानं मला चर्चच्या दारात सांगितलं, नेल्सनची रजा झाली, तिकीट झालं, येतच असेल. म्हनून मी फाटकाकडं बघत होते. आनि सॅन्टन म्हनाला इकडं बघा, तेव्हा मला कळलं, तू येनार नायस."

"मग इतकी वर्षं बोलली का नायस?"

"कोनाला बोलू?" मटिल्डानं चौकट उलटी करून त्याच्याकडे धरली आणि स्वतःच्या त्या तरुण, संतापलेल्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. "एवढी रागावून बघत होते, समोर तर कोन नव्हतं."

नेल्सननं बॅगेचा पट्टा सोडला. चौसष्ट वर्षांचा तो टकला माणूस आईच्या पायाशी जमिनीवर बसला आणि मान खाली घालून राहिला, आणि मटिल्डा त्याच्याकडे बघत राहिली.